अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा आणि विमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मेडिक्लेमनं कॅशलेस मंजूर केलं, नवव्या दिवशी तिला घरी आणलं. ती पुन्हा चालेल असं सगळ्यांनाच वाटत होतं, पण ती चालली नाही. वर्षभरात स्मृतिभ्रंशाची लक्षणं दिसू लागली. एकूण सव्वाचार वर्षं ती अंथरुणाला होती, आणि पहिले दोन महिने सोडले तर त्या काळात विम्याचा एक रुपयाही आला नाही. कंपनीनं फसवलं म्हणून नव्हे, तर पॉलिसीत तसंच लिहिलेलं होतं म्हणून. आम्ही ते वाचलं नव्हतं.

तेव्हापासून नात्यातले, सोसायटीतले, ऑफिसातले लोक मला हे प्रश्न विचारत आले आहेत.

दीर्घकालीन शुश्रूषा म्हणजे नेमकं काय?

औषधोपचार संपल्यावर जे उरतं ते. जगभरात याचं मोजमाप रोजच्या सहा क्रियांवरून करतात: आंघोळ, कपडे घालणं, जेवणं, संडासला जाणं, लघवी-शौचावर ताबा असणं आणि पलंगावरून उठून खुर्चीत बसणं. यातल्या दोन-तीन गोष्टी माणसाला स्वतःहून जमेनाशा झाल्या की त्याला कायमचा आधार लागतो. त्या वेळी डॉक्टर पंधरा दिवसांतून एकदा लागतो, पण दर दोन तासांनी कूस बदलून देणारं माणूस रोज लागतं.

विम्याचा सगळा गोंधळ या फरकातून होतो. मेडिक्लेमला आजार दिसतो, आजारानंतरचं परावलंबित्व दिसत नाही.

माझा मेडिक्लेम हा खर्च देतो का?

नाही. आणि हे कुठे लिहिलंय तेही सांगते, म्हणजे एजंटच्या शब्दावर राहायला नको. पॉलिसीच्या कागदांत 'वगळलेल्या गोष्टी' असं प्रकरण असतं. विमा नियामकानं २०१९ मध्ये या वगळण्यांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली आणि प्रत्येकीला क्रमांक दिला. त्यातला पाचवा क्रमांक शोधा. मथळ्यात सक्तीची विश्रांती, पुनर्वसन आणि शुश्रूषा करणाऱ्याला मिळणारा विसावा या तीन गोष्टी असतात. खाली स्पष्ट म्हटलेलं असतं की घरी किंवा शुश्रूषा केंद्रात आंघोळ, कपडे, हिंडणं-फिरणं अशा रोजच्या क्रियांसाठी घेतलेली मदत मिळणार नाही, मग ती प्रशिक्षित नर्सची असो की साध्या मदतनीसाची.

म्हणजे पाच लाखांचा विमा असो की एक कोटीचा, मावशींचा, म्हणजे घरी सांभाळ करणाऱ्या बाईंचा, पगार त्यातून निघत नाही. कित्येक घरांत 'आमचा मोठा मेडिक्लेम आहे' या भरवशावर बाकी काहीच तरतूद केलेली नसते, म्हणून मी हे वाक्य प्रत्येकाला मोठ्यानं वाचून दाखवते.

मग विम्यातून घरी काहीच मिळत नाही?

थोडं मिळतं, आणि ते सोडू नका. डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्च बहुतेक पॉलिसी देतात. कुठे साठ दिवस, कुठे नव्वद, कुठे त्याहून जास्त. त्यात औषधं, तपासण्या, फेरतपासणीची फी आणि डॉक्टरनं लिहून दिली असेल तर फिजिओथेरपी बसते. 'लिहून दिली असेल तर' हे महत्त्वाचं आहे. डिस्चार्ज कार्डावर किती आठवडे, आठवड्यातून किती वेळा हे लिहून घ्या. आमच्या कार्डावर नुसतं 'फिजिओ चालू ठेवावी' असं होतं, आणि बाकीचं लिहून घेण्यासाठी मला हॉस्पिटलात तीन हेलपाटे घालावे लागले.

दुसरी सोय डोमिसिलियरीची, म्हणजे घरी राहून घेतलेल्या उपचारांची. रुग्णाला हलवणं शक्य नाही किंवा हॉस्पिटलात जागा नाही, अशा वेळी एरवी भरती करावं लागलं असतं असा उपचार घरी झाला, तर तो खर्च मिळू शकतो. इथेही अट आजारावरच्या उपचाराची आहे, नुसत्या सांभाळाची नाही.

डायपर, एअर बेड, कमोडची खुर्ची, वॉकर?

यांतलं बहुतेक काहीच मिळत नाही. नियामकाची ६८ वस्तूंची एक यादी आहे, ज्यांचे पैसे कंपनीनं देणं बंधनकारक नाही. त्यात डायपर आहे, कमोड आहे, चालण्याचं साधन आहे, अटेंडंटचे पैसे आहेत आणि खासगी नर्सचेही आहेत. या वस्तूंसाठी जादा हप्ता भरून पॉलिसीला मिळणारी जोडणी (रायडर) असते, पण ती हॉस्पिटलातल्या मुक्कामापुरती चालते.

एअर बेड मात्र पहिल्याच आठवड्यात घ्या, विमा देवो न देवो. आम्ही तीन आठवडे थांबलो आणि तेवढ्यात माकडहाडाशी रुपयाएवढी लाल खूण उमटली. ती बेडसोअरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात होती. ड्रेसिंगला पाच महिने गेले.

असा सांभाळ किती काळ चालतो आणि खर्च किती येतो?

काळ कुणीच सांगू शकत नाही, आणि हिशोब अवघड होतो तो त्यामुळेच. खर्च गावानुसार बदलतो. पुण्या-मुंबईचा ब्यूरो, म्हणजे घरी मदतनीस पुरवणारी संस्था, आणि तालुक्याच्या ठिकाणची ओळखीची बाई यांच्या दरांत फार अंतर असतं. तुमच्या भागातल्या दोन ब्यूरोंना फोन करून बारा तासांचा आणि चोवीस तासांचा दर विचारा. रजेच्या दिवशी बदली माणूस देतात का, हेही विचारा.

पद्धत कळावी म्हणून एक आकडा धरू. सगळं मिळून महिना २५,००० रुपये, म्हणजे वर्षाला तीन लाख. दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढ धरली तर पाच वर्षांत साडेसतरा लाखांच्या वर जातात. यात हॉस्पिटलचा एक पैसा नाही, आणि नोकरी सोडून घरी बसलेल्या सुनेचा किंवा मुलीचा बुडालेला पगारही नाही. तो पगार कुठल्याच हिशोबात येत नाही. मी आठ महिने बिनपगारी रजेवर होते, म्हणून हे मला ठाऊक आहे.

भारतात यासाठी स्वतंत्र विमा आहे का?

जर्मनी-जपानसारखी सार्वत्रिक व्यवस्था आपल्याकडे नाही, आणि मेडिक्लेमसारखा घरोघरी घेतला जाणारा विमाही नाही. काही पॉलिसींत होम नर्सिंगचा भत्ता असतो. तो घेताना तीन गोष्टी बघा: किती दिवसांपुरता आहे, रोजची मर्यादा किती आहे आणि त्याआधी हॉस्पिटलात भरती व्हावं लागतं का. बहुतेकदा तो मोजक्या दिवसांचाच असतो.

क्रिटिकल इलनेस पॉलिसीचा उपयोग होतो का?

होतो. आपल्याकडे या कामासाठी सगळ्यात जवळची वस्तू मला हीच वाटते. कारण ती बिलं मागत नाही. ठरलेला आजार ठरलेल्या व्याख्येत बसला की एकरकमी पैसे देते, आणि ते तुम्ही मावशींच्या पगाराला वापरा नाहीतर घरात रॅम्प बांधायला, कुणी विचारत नाही.

व्याख्या मात्र कडक असतात. पक्षाघाताचंच घ्या. नुसता झटका येऊन चालत नाही, मेंदूला झालेली कायमची हानी किमान तीन महिने टिकून असल्याचा पुरावा लागतो. तात्पुरता झटका, जो चोवीस तासांत ओसरतो, तो यात धरत नाहीत. हातापायांच्या लकव्यासाठी दोन किंवा जास्त अवयव कायमचे निकामी झालेले असावे लागतात. अल्झायमर आणि पार्किन्सन काही पॉलिसींत असतात, काहींत नसतात. तुमच्या घराण्यात विसरभोळेपणाचा इतिहास असेल तर हे दोन शब्द यादीत आहेत का ते आधी पाहा.

ही पॉलिसी चाळिशी-पंचेचाळिशीत घ्यायची असते. आईसाठी मी शोधायला निघाले तेव्हा ती एकाहत्तरची होती.

आई-वडील सत्तरी ओलांडलेले आहेत. आता मेडिक्लेम मिळेल?

विचारायला हरकत नाही. पासष्टपर्यंतच्या लोकांनाच नवी पॉलिसी देणं कंपन्यांना भाग होतं, ही पूर्वीची चौकट १ एप्रिल २०२४ पासून गेली. याचा अर्थ कंपनी प्रत्येकाला हो म्हणेलच असा नाही. वैद्यकीय तपासणी होईल, बिलाचा काही टक्के वाटा तुम्ही उचलायची अट येईल. आधीपासूनच्या आजारांसाठी थांबायचा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, पूर्वी तो चार वर्षं होता. सलग साठ महिने पॉलिसी चालली की माहिती लपवल्याचं कारण देऊन क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. म्हणून मधुमेह, रक्तदाब, जुनं ऑपरेशन, सगळं फॉर्ममध्ये लिहा. एजंट 'हे नका लिहू' म्हणाला तरी लिहा.

ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही.

सत्तरीनंतरचं सरकारी कार्ड?

आयुष्मान वय वंदना कार्ड. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि पुढच्या वयाच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आधारवर मिळतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार होतात, मात्र घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळून. खासगी मेडिक्लेम असला तरी काढता येतं. काढाच. पण तेही हॉस्पिटलातल्या भरतीसाठी आहे, घरच्या सांभाळासाठी नाही.

स्मृतिभ्रंश मानसिक आजारात धरून कंपनीनं हात वर केले तर?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजारावरचे उपचार शारीरिक आजारांच्या बरोबरीनं देणं भाग पाडलं आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत स्मरणशक्तीतला गंभीर बिघाडही येतो. त्यामुळे भरती होऊन उपचार झाले असतील तर 'हा मानसिक आजार आहे' एवढं कारण पुरत नाही. सांभाळ मात्र इथेही बाहेरच राहतो.

म्हणजे पैसे आपणच उभे करायचे. कसे?

माझं मत स्पष्ट आहे: हॉस्पिटलसाठी विमा आणि सांभाळासाठी वेगळी थैली. दोन्ही एकाच पॉलिसीतून भागवायला गेलं की फसगत होते.

थैली बांधायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे ज्येष्ठ नागरिक बचत योजना. पोस्टात किंवा बँकेत एका माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. ८.२ टक्के दरानं पूर्ण रकमेवर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. वरच्या हिशोबातल्या मावशींचा बराचसा पगार त्यातून निघतो आणि मुद्दल शाबूत राहते. निवृत्तीची रक्कम हातात आली की ती मुलाच्या फ्लॅटला देऊन टाकणारे आई-वडील मी पाहिले आहेत. त्यातला अर्धा तरी वाटा अशा ठिकाणी ठेवा. मुलांनीही तो मागू नये.

घर स्वतःचं असेल आणि हातात रोकड नसेल, तर रिव्हर्स मॉर्गेज आहे. साठी ओलांडलेल्यांना राहतं घर तारण ठेवून बँकेकडून हप्त्यानं पैसे घेता येतात आणि हयातीत त्याच घरात राहता येतं. आपल्याकडे लोक याला बिचकतात, वाडवडिलांचं घर बँकेच्या दारात कसं न्यायचं म्हणून. ते मला समजतं. पण आईला रोज वेळेवर स्वच्छ केलं जाणं आणि घर बिनकर्जाचं मुलांच्या हाती जाणं यांतलं एकच निवडायचं असेल, तर मी पहिलं निवडेन.

वडिलांना सही करता येत नाही. आता?

हा प्रश्न लोक फार उशिरा विचारतात. पैसे असतात, पण काढता येत नाहीत.

हात चालत नसेल पण शुद्ध असेल, तर मार्ग आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आजारी किंवा वृद्ध खातेदाराचा अंगठा चालतो, हाताचा शक्य नसेल तर पायाचाही. बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. आमच्याकडे बँकेतला तरुण अधिकारी घरी आला, आईच्या पलंगाशी वाकून त्यानं तिला विचारलं, 'आजी, पैसे काढायचे ना?' तिनं मान हलवली आणि अंगठा दिला. ती तेव्हा समजत्या अवस्थेत होती.

समज गेल्यावर सगळं अडतं. वडिलांनी दिलेलं मुखत्यारपत्र त्यांची समज गेली की कायद्यानं संपतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मग त्यांचा कायदेशीर पालक म्हणून आपली नेमणूक व्हावी यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं. म्हणून आई-वडील धडधाकट असतानाच खाती 'दोघांपैकी कुणीही एक' अशी जोडनावाची करा. पॉलिसीवर नॉमिनी घाला आणि कागद कुठल्या कपाटात आहेत ते एका वहीत लिहा. वडिलांशी हा विषय काढायला जीभ रेटत नाही, हे मला माहीत आहे. तरी काढा.

मुलगा अमेरिकेत, मुलगी जर्मनीत. तिकडचा विमा आई-बाबांना लागू होतो का?

आई-बाबा सातारा-सांगलीला असतील तर नाही. तिकडे राहणाऱ्यांनी स्वतःसाठी मात्र हा विषय जरूर समजून घ्यावा.

जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषा विमा सक्तीचा आहे. पगारातून वर्गणी जाते, मूल नसलेल्यांना थोडी जास्त. परावलंबित्वाच्या पाच पायऱ्या आहेत आणि घरच्याच माणसानं सांभाळलं तर रोख भत्ता घ्यायची सोय आहे. जपाननं २००० साली अशीच व्यवस्था आणली. तिथे वयाच्या चाळिशीपासून वर्गणी सुरू होते. रोज स्वच्छ करणं, भरवणं हे काम दोन्ही देशांनी समाजाचं मानलं. आपणही कधीतरी तिथे पोचावं असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेत मात्र गैरसमज पुष्कळ. मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, दीर्घ सांभाळ देत नाही. हॉस्पिटलनंतर प्रशिक्षित शुश्रूषेच्या केंद्रात जास्तीत जास्त शंभर दिवस मिळतात, त्यातले पहिले वीसच पूर्ण. पुढचा खर्च, फार गरिबी नसेल तर, स्वतःचा, नाहीतर खासगी विम्याचा. सहापैकी दोन क्रिया जमेनाशा झाल्या किंवा समज गंभीरपणे ढासळली की तो खासगी विमा सुरू होतो, आणि त्यातही बहुधा नव्वद दिवसांची प्रतीक्षा असते. जुन्या ग्राहकांचे हप्ते तिथे मोठ्या प्रमाणात वाढलेले आहेत, तेव्हा घेण्याआधी कंपनीचा हप्तेवाढीचा इतिहास विचारा.

करात सवलत?

जुन्या करपद्धतीत. ज्येष्ठांच्या मेडिक्लेमच्या हप्त्यावर ५०,००० पर्यंत, आणि विमाच नसेल तर त्यांच्या उपचारखर्चावर तेवढीच. स्मृतिभ्रंश, पार्किन्सन अशा काही मेंदूविकारांत, अपंगत्व चाळीस टक्के किंवा जास्त असल्याचा तज्ज्ञाचा दाखला असेल, तर ज्येष्ठांच्या उपचारांसाठी एक लाखापर्यंत. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, सीएला विषय सांगा, जुना क्रमांक नको.

शेवटच्या आजारात, उपचार थांबवल्यावर, विमा काही देतो का?

नाही. त्याच पाचव्या वगळणीत मरणासन्न रुग्णाच्या शारीरिक, मानसिक, आध्यात्मिक गरजांसाठीच्या सेवाही वगळलेल्या आहेत. इथे धर्मादाय संस्थाच धावून येतात. कर्करोगाच्या रुग्णांसाठी मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, त्यांचं केंद्र गोव्यातही आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं उपशामक सेवेचं, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करण्याच्या सेवेचं, केंद्र १९९७ पासून चालतं. दोन्हीकडे पैसे घेत नाहीत. बाकी कुठल्याही मदतीची चौकशी १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर करता येते.

क्लेम चुकीचा नाकारला असं वाटतं. कुठे जायचं?

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही. डिस्चार्जनंतरच्या फिजिओचे नाकारलेले पैसे आम्हाला कंपनीच्या पातळीवरच, दुसऱ्या पत्राला मिळाले.

मावशींचा विमा कोण काढतं?

हा प्रश्न मला फक्त एकदाच विचारला गेला, तोही एका शाळकरी मुलीनं.

बहुतेक घरांत कुणीच काढत नाही. साठ किलोच्या माणसाला दिवसातून दहा वेळा कुशीवर वळवणाऱ्या बाईची स्वतःची पाठ जाते, आणि तिच्या घरी एअर बेड नसतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाख देते. वय अठरा ते सत्तर हवं. पन्नाशीच्या आत असेल तर जीवन ज्योती योजना ४३६ रुपयांत कुठल्याही कारणानं आलेल्या मृत्यूसाठी दोन लाख देते. दोन्हींचे पैसे तिच्या बँक खात्यातून जातात, वर्ष १ जूनला सुरू होतं, त्यामुळे मेअखेर खात्यात तेवढी शिल्लक हवी.

आमच्या मावशी फ्रिजवर टांगलेल्या वहीत रोज लिहायच्या: 'सकाळी आठ, पेज अर्धी वाटी. दहा, कूस डावी.' दुसऱ्या वर्षी मी दोन्ही फॉर्म आणले आणि त्याच वहीवर ठेवून भरले. नॉमिनीच्या रकान्यात त्यांनी लेकीचं नाव सांगितलं, आणि स्पेलिंग चुकायला नको म्हणून पर्समधून तिचं शाळेचं ओळखपत्र काढून माझ्यासमोर ठेवलं.